राजकीय ब्लॉगांचे दिवस : कुणी काय पाहिलं, काय वाचलं?

रानजाई | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

माझी भाची पत्रकारितेचं शिकते. तिला वर्गात राजकीय ब्लॉगांवर बोलायचं होतं, म्हणून तिनं टिपण मला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, 'ब्लॉगमुळे सामान्य माणसाला आपलं मत मांडता आलं.' वाक्य चुकीचं नाही, पण ऐकून मी अस्वस्थ झाले. मत काय, पारावर बसूनही मांडता येतं. मी जे पाहिलं त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच त्या टिपणात नव्हतं. म्हणून हा धागा.

२००१ ते २००९ आम्ही न्यू जर्सीत होतो. नवऱ्याची नोकरी, माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही, मुलगी लहान. दुपारी ती झोपली की मी संगणकासमोर बसायचे. त्या देशाचं राजकारण मला वर्तमानपत्रापेक्षा ब्लॉगांनी जास्त शिकवलं, आणि त्याची सुरुवात एका वाढदिवसानं झाली.

५ डिसेंबर २००२. स्ट्रॉम थरमंड या सिनेटरचा शंभरावा वाढदिवस. हे गृहस्थ १९४८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले होते ते काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याच्या बाजूनं. समारंभात सिनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट बोलून गेले, की आमच्या मिसिसिपीनं तेव्हा यांना मत दिलं होतं, बाकीच्या देशानंही दिलं असतं तर पुढच्या सगळ्या अडचणी आल्याच नसत्या. समारंभ टीव्हीवर दिसला होता, पत्रकार हजर होते. तरी पुढचे तीन-चार दिवस मोठ्या वर्तमानपत्रांत जवळपास शांतता.

ब्लॉगवाल्यांनी मात्र ते वाक्य सोडलं नाही. डावीकडून जोश मार्शल आणि 'एट्रिओस' या टोपणनावानं लिहिणारा एक जण, उजवीकडून ग्लेन रेनल्ड्स आणि अँड्र्यू सुलिव्हन. १९४८ च्या प्रचारात थरमंड नेमकं काय म्हणत होते ते कुणी काढून दाखवलं. लॉट १९८० सालीही असंच बोलले होते, हेही वर आलं. म्हणजे जीभ घसरली म्हणायची सोय उरली नाही. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडलं. पंधरा दिवसांत!

मी रोज पान उघडून बघत होते. नवं असं फारसं काही घडत नव्हतं, फक्त कुणीतरी 'काल इथवर आलो होतो, आज हे सापडलं' असं लिहीत होतं. आपल्याकडे याला पाठपुरावा म्हणतात. माझ्या मते राजकीय ब्लॉगांचा खरा गुण हाच होता.

दुसरी गोष्ट मी स्वतः जागून पाहिलेली. डिसेंबर २००६ मध्ये बुश सरकारनं एकाच दिवशी सात केंद्रीय सरकारी वकिलांना जायला सांगितलं. प्रत्येकाची बातमी आपापल्या गावच्या पेपरात आली असेल-नसेल, एकत्र कुणी बघितलं नव्हतं. मार्शलच्या 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या ब्लॉगचे वाचक गावोगावचे. कुणी अर्कान्सातली बातमी पाठवली, कुणी सॅन दिएगोतली. अर्कान्सात बड कमिन्स यांच्या जागी बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांचा जुना सहकारी आला होता. सॅन दिएगोच्या कॅरल लॅम यांनी सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदाराला लाचखोरीत तुरुंगात पाठवलं होतं. तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र दिसू लागलं.

मग १९ मार्च २००७ च्या रात्री न्याय खात्यानं सुमारे ३००० पानं संसदेच्या समितीला दिली. एवढी पानं रात्रीतून कोण वाचणार? ब्लॉगवर आवाहन आलं : एकेक तुकडा घ्या, वाचा, आणि तुकड्याचा क्रमांक टाकून काय दिसलं ते खाली लिहा. लोकांनी खरोखर वाचलं हो! कुणी वकील होता, कुणी रात्रपाळीचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या १८ दिवसांची पत्रं जवळजवळ नाहीतच, हे तिथल्या वाचकांच्या लक्षात आलं. नेमके तेच दिवस, हकालपट्टीच्या आधीचे. मीही एक तुकडा उघडला होता. माझ्या वाट्याला बैठकांच्या वेळा ठरवणारी पत्रं आली, कामाचं काहीच नव्हतं. 'या तुकड्यात विशेष काही नाही' एवढं टाइप करून मी झोपले. त्या एका ओळीचं समाधान अजून आठवतं.

ऑगस्टमध्ये न्याय खात्याचे प्रमुख, ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला. २००८ च्या फेब्रुवारीत मार्शलला या कामासाठी पत्रकारितेतला मानाचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला.

तुम्ही कुठले ब्लॉग वाचलेत? कुठल्या देशातले, कुठल्या भाषेतले? लिहा. भाचीलाही धागा दिला आहे.

---

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री १०.३५

रानजाई, सुरेख धागा. दुसऱ्या बाजूचीही गोष्ट हवी, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. मी सांगलीला छापखान्यात पंचवीस वर्षं काढली. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग डीटीपीवर, म्हणजे संगणकावर आलो.

सप्टेंबर २००४. अमेरिकेत निवडणूक तोंडावर. ८ तारखेला सीबीएस वाहिनीनं काही कागद दाखवले. बुश तरुणपणी टेक्सासच्या राखीव हवाई दलात, म्हणजे एअर नॅशनल गार्डमध्ये होते, तिथल्या अधिकाऱ्यानं १९७२-७३ साली त्यांच्याविरुद्ध लिहिलेली टिपणं म्हणून. त्याच रात्री एका उजव्या विचारांच्या चर्चास्थळावर कुणीतरी लिहिलं, की ही अक्षरं टाइपरायटरची नाहीत. सकाळी 'पॉवर लाइन' या ब्लॉगनं ते उचललं. चार्ल्स जॉन्सन नावाच्या ब्लॉगवाल्यानं तोच मजकूर वर्डमध्ये, कुठलीही मांडणी न बदलता, जसाच्या तसा टाइप केला आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. ओळी बरोब्बर त्याच जागी तुटत होत्या.

आता धंद्याची गोष्ट. साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, इंग्रजी 'आय' असो की 'एम'. खिळ्यांचं तसं नाही. 'एम'चा खिळा रुंद, 'आय'चा काडीसारखा. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे लावायच्या पट्टीत, ओळ भरताना बोटांनाच कळतं. त्या टिपणांत अक्षरं खिळ्यांसारखी बसली होती. शिवाय आकड्यापुढचं 'टीएच' बारीक होऊन वर चढलेलं. ते काम वर्ड स्वतःहून करतो. पलटणीच्या कचेरीतला टंकलेखक १९७२ साली एवढा उपद्व्याप कशाला करेल?

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की कमी-जास्त रुंदीची अक्षरं उमटवणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. आयबीएमची होती, महाग होती. त्यामुळे 'अशक्य' म्हणणारेही घाईच करत होते. पुढं सीबीएसनं नेमलेल्या समितीनंही कागद खोटेच, असा अंतिम निवाडा दिला नाही. पण खातरजमा न करता ते दाखवले, याबद्दल वाहिनीवर कडक ताशेरे ओढले. २० सप्टेंबरला वाहिनीनं चूक कबूल केली. मार्चमध्ये डॅन रॅदर यांनी चोवीस वर्षांनी वृत्तनिवेदकाची खुर्ची सोडली.

माझ्या मनावर एकच गोष्ट ठसली. कोट्यवधी लोक बघतात त्या वाहिनीत कुणालाच खिळ्यांची ओळख नव्हती, आणि घरी बसलेल्या कुणाला तरी होती.

---

चिंचोका | मंगळवार, रात्री ११.०५

रानजाईमावशीची भाची मीच :) वाचतेय. एक प्रश्न, कदाचित बाळबोध वाटेल. तेव्हा फीड नव्हतं, कुणी सुचवत नव्हतं, मग हे ब्लॉग तुम्हाला सापडायचे कसे?

---

रानजाई | मंगळवार, रात्री ११.२०

बाळबोध अजिबात नाही, हाच मुद्दा आहे. प्रत्येक ब्लॉगच्या कडेला एक यादी असायची, हा ज्यांना वाचतो त्यांची. एकाच्या दारातून दुसऱ्याकडे जायचं. आणि मजकुरातच दुवे असायचे. कुणावर टीका करायची तर त्याच्या मूळ लेखाचा दुवा द्यायचाच, नाहीतर वाचकच रागवायचे. म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत एका टिचकीवर. पुढं गूगल रीडर आलं, त्यात पन्नास ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दिसायचे. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं. त्यानंतर माझं वाचन निम्म्यावर आलं, आणि माझ्यासारखे पुष्कळ असतील.

---

मी_माहीमकर | बुधवार, सकाळी ८.१५

२००६ च्या जुलैची आठवण सांगतो. ११ तारखेला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. फोन लागत नव्हते. माझा भाऊ त्या वेळी गाडीत असायचा. अमेरिकेतल्या चुलतभावाचा कसाबसा फोन लागला, तो म्हणाला, एका ब्लॉगवर इस्पितळांचे नंबर आणि जखमींच्या याद्या टाकताहेत, मी वाचून दाखवतो. तो तिकडून वाचत होता, मी माहीमला जिन्यात उभा राहून ऐकत होतो. भाऊ रात्री साडेअकराला चालत घरी आला.

आणि चारच दिवसांत ब्लॉगस्पॉटच बंद! दूरसंचार खात्यानं मोजक्या पानांची यादी देऊन ती अडवायला सांगितली होती. इंटरनेट कंपन्यांना एकेक पान अडवणं जमलं नाही की त्यांनी ते मनावर घेतलं नाही, पण आख्खं ब्लॉगस्पॉट गेलं. त्यात कविता, पाककृती, राजकारण आणि स्फोटाच्या रात्री मदत करणारी ती पानंही. काहींनी एकत्र येऊन सरकारकडे माहिती अधिकारात आदेश मागितला. आठवड्याभरात बंदी उठली.

एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. त्या दिवसांत आम्ही ब्लॉग उघडायचो ते पाकिस्तानातल्या ब्लॉगवाल्यांनी केलेल्या एका वाटेवरून. त्यांच्याकडे काही महिने आधी अशीच बंदी आली होती, तेव्हा त्यांनी ती पळवाट उभी केली होती. मुंबईत स्फोट झालेले, वातावरण कसं होतं ते सांगायला नको, आणि आम्ही त्यांच्या खिडकीतून स्वतःचेच ब्लॉग वाचत होतो.

---

सरळसोट | बुधवार, दुपारी १.४०

सगळ्यांचे अनुभव मनापासून आवडले, पण मी थोडा विरोधात बोलणार आहे.

रानजाई, तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी निवडक आहेत. रोजचा राजकीय ब्लॉग म्हणजे पाठपुरावा नव्हता, पक्षाचं काम होतं. 'डेली कोस' २००२ साली मार्कोस मुलित्सास यांनी सुरू केला तो डेमोक्रॅटिक पक्ष निवडून आणायला, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्याच पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीन यांच्या २००३ च्या प्रचाराचा कणा ब्लॉगच होता. छोट्या छोट्या देणग्यांनी तिजोरी भरली, देशभर बैठका झाल्या, आणि जानेवारी २००४ मध्ये उमेदवारीच्या पहिल्याच फेरीत, आयोवात, डीन तिसरे आले. ब्लॉगवरचा उत्साह म्हणजे मतदान नव्हे. २००६ साली कनेक्टिकटमध्ये ब्लॉगवाल्यांनी जोर लावून नेड लॅमॉन्टकडून सिनेटर लीबरमनना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत पाडलं, तर नोव्हेंबरमध्ये लीबरमन अपक्ष उभे राहून निवडून आले.

दुसरं, गर्दीनं मिळून शोधण्याचं कौतुक जपून करा. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर रेडिट या चर्चास्थळावर हजारो लोक फोटो तपासत होते. त्यांनी निरपराध माणसांकडे बोट दाखवलं. त्यातला एक विद्यार्थी आधीपासून बेपत्ता होता, पुढं त्याचा मृतदेह सापडला. त्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील? रेडिटनं माफी मागितली, पण माफीनं काय भरून येतं?

उत्साह तोच, डोळे तेवढेच. मग फरक कुठे पडला, हे कुणीतरी मला समजावून सांगा.

---

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी ३.००

सरळसोट, प्रश्न नेमका विचारलात. माझ्या परीनं सांगतो. ३००० पानं समोर होती. कुणी काही म्हटलं तर दुसरा तेच पान उघडून 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकत होता. बोस्टनला समोर चेहरे होते, आणि चेहऱ्यावरून मनातलं वाचायला निघाले सगळे. कागद तपासणं आणि माणूस हेरणं ही दोन वेगळी कामं आहेत. छापखान्यात मुद्रितं तपासणारा शुद्धलेखन बघतो, लेखकाची नियत बघत नाही.

---

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ६.५०

काका, माझ्यापेक्षा नेमकं बोललात. सरळसोट, पक्षाच्या ब्लॉगांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी माझ्या आवडीचेच कोपरे सांगितले.

तरी व्हर्जिनियाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २००६. सिनेटर जॉर्ज ॲलन यांच्या सभांचं चित्रण करायला विरोधी उमेदवारानं एक विशीतला मुलगा पाठवला होता, एस. आर. सिद्धार्थ, भारतीय आईबापांचा, व्हर्जिनियातच जन्मलेला. भर सभेत ॲलननी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला 'मकाका' म्हटलं, म्हणजे माकडाची एक जात, आणि 'अमेरिकेत स्वागत आहे' असंही सुनावलं. कॅमेरा त्याच्याच हातात होता. ते चित्रण यूट्यूबवर आलं, ब्लॉगांनी ते आठवडेच्या आठवडे विझू दिलं नाही. नोव्हेंबरमध्ये ॲलन सुमारे ९ हजार मतांनी हरले आणि त्या एका जागेवर सिनेटचं बहुमत फिरलं.

आमच्या मंडळात तेव्हा गणपतीच्या तयारीच्या बैठका चालल्या होत्या. तिथं एरवी राजकारण निघत नसे. त्या रविवारी ते चित्रण सगळ्यांनी एकाच लॅपटॉपभोवती उभं राहून पाहिलं. मुलांनीही.

---

आखाती_वारा | बुधवार, रात्री ११.३०

अमेरिकेबाहेर या थोडे. मी दोहा आणि दुबईत सतरा वर्षं काढली. ऑफिसात इराणी आणि इजिप्शियन सहकारी होते, त्यांच्यामुळे मला हे जग कळलं.

इराणमध्ये २००० च्या एप्रिलमध्ये सुधारणावादी वर्तमानपत्रं एकापाठोपाठ एक बंद केली गेली. लिहिणारे हात रिकामे झाले. नोव्हेंबर २००१ मध्ये टोरंटोत राहणाऱ्या हुसेन देरख्शान यांनी फारसीत ब्लॉग कसा करायचा, युनिकोड कसं वापरायचं, याची सोपी माहिती लिहून टाकली. मग बांध फुटल्यासारखे फारसी ब्लॉग आले. आपल्यासारखीच अडचण होती त्यांची, अक्षरांची. (मराठीतही युनिकोड रुळेपर्यंत एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे चौकोन होऊन दिसायचा, आठवतं ना?)

आणि सगळे बंडखोर होते असं नाही. उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले मौलवी अबताही ब्लॉग लिहीत, २००६ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनीही ब्लॉग काढला. कोमच्या मदरशांतले विद्यार्थी लिहीत. माझा सहकारी त्याच्या बहिणीचा ब्लॉग मला भाषांतर करून सांगायचा. ती तेहरानच्या बसमधल्या बायकांच्या बाजूला ऐकलेली बोलणी लिहायची, बस्स. तो म्हणायचा, आमच्याकडे हेच राजकारण आहे.

किंमतही मोजली त्यांनी. पत्रकार सीना मोतल्लेबी यांना २००३ साली ब्लॉगसाठी पकडलं. देरख्शान २००८ साली तेहरानला परतले आणि अटकेत गेले, साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुटले. सुटून आल्यावर त्यांनी लिहिलं ते दुव्यांबद्दल. सहा वर्षांनी इंटरनेट उघडलं तर लोक एकमेकांना दुवे द्यायचेच थांबले होते, जो तो आपल्या भिंतीआड होता. रानजाईंनी वर गूगल रीडरबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. सतार बेहेश्ती नावाचे ब्लॉगर तर २०१२ मध्ये कोठडीतच गेले.

इजिप्तचं एकच सांगतो. २००६ साली वाएल अब्बास यांनी आपल्या ब्लॉगवर एक चित्रफीत टाकली. पोलीस ठाण्यात एका मिनीबस चालकाचा अमानुष छळ, पोलिसांनीच मोबाइलवर टिपलेला. चालकाच्या वस्तीत ती दाखवून त्याची मान खाली घालवायची, हा हेतू. ब्लॉगवर आली आणि लाज कुणाला वाटायला हवी ते फिरलं. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये दोन पोलिसांना तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. ऑफिसातला माझा इजिप्शियन मित्र शांत माणूस, त्या दिवशी त्यानं सगळ्यांना बासबुसा ही रव्याची मिठाई वाटली.

---

पंचगंगा | गुरुवार, सकाळी ७.२०

रात्री हे वाचलं आणि झोप आली नाही. मी कोल्हापूरची. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोविंदराव पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. आम्ही अजून त्या धक्क्यातच होतो. २६ तारखेला रात्री बातमी आली, ढाक्यात अभिजित रॉय यांना मारलं. एकुशेच्या पुस्तक मेळ्यातून पत्नीबरोबर बाहेर पडत होते. कोयत्यानं. पत्नीही गंभीर जखमी झाल्या.

रॉय अमेरिकेत राहणारे अभियंता, 'मुक्तमना' हे बंगाली संकेतस्थळ त्यांनी उभं केलेलं. विज्ञान, धर्मचिकित्सा, मानवी हक्क. पुढच्या महिन्यांत ढाक्यात वशिकुर रहमान, सिल्हेटला अनंत विजय दास, पुन्हा ढाक्यात निलय नील, एकामागून एक. ऑक्टोबरमध्ये रॉय यांचं पुस्तक छापणारे प्रकाशक फैसल आरेफिन दीपन. त्यांच्यातले बहुतेक जण ब्लॉगवर लिहीत, आणि 'ब्लॉगर' हा शब्द तिकडे अनेकांच्या तोंडी शिवीसारखा झाला.

सहा दिवसांचं अंतर होतं दोघांच्या जाण्यात. आमच्याकडे बिंदू चौकात सभा झाली तेव्हा एका मुलीनं हातानं लिहिलेला फलक धरला होता, त्यावर दाभोलकर, पानसरे आणि खाली बंगालीत रॉय यांचं नाव. तिनं ती अक्षरं फोनवर बघून काढली होती. एक वेलांटी उलटी पडली होती, कुणीतरी सांगितल्यावर तिनं तिथंच पेननं दुरुस्त केली.

ब्लॉगांचे प्रकार मोजताना ही माणसं मोजा. एवढंच म्हणायचं होतं.

---

चिंचोका | गुरुवार, सकाळी ९.४५

पंचगंगाताई, माझ्या टिपणात बांगलादेशचा उल्लेखच नव्हता. आता घेते.

इथं सगळे टोपणनावानं लिहिताहेत, त्यावरून मनात आलं : राजकीय लिहिणाऱ्यानं नाव लपवावं का? आम्हाला वर्गात 'नाव नाही तर विश्वासार्हता नाही' असं शिकवतात.

---

खिळेजुळारी | गुरुवार, सकाळी ११.३०

पोरी, आपल्या भाषेचं उदाहरण घे. १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावानं पत्रं येऊ लागली. शंभराच्या वर झाली. जातिभेद, विधवांचे हाल, भिक्षुकशाही, इंग्रजांचं राज्य कसं आलं, सगळ्यावर. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकर, वयाची पंचविशी. पत्रं छोटी, एका वेळी एक विषय, आणि अंक निघाला की पुढचं. मला तर ते आजच्या ब्लॉगसारखंच वाटतं. नावाशिवाय लिहिलं म्हणून त्यांची विश्वासार्हता कमी झाली का?

वर रानजाईंनी 'एट्रिओस' लिहिलंय ना, ते डंकन ब्लॅक नावाचे अर्थशास्त्राचे अभ्यासक निघाले, २००४ साली नाव पुढं आलं. नाव नसलं तरी चालतं. पुरावा हवा.

---

सरळसोट | गुरुवार, दुपारी १२.१०

काकांच्या कागद आणि माणूस या फरकावर रात्रभर विचार केला. पटलं. नावाच्या बाबतीत मात्र मी अजून कुंपणावर. निनावी माणूस दुसऱ्याचं नाव घेऊन लिहितो तेव्हा त्याला आवरणार कोण?

---

नगरवाचक | गुरुवार, रात्री ९.५५

मी इथं फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहितोय.

आमचं गाव नगरपरिषदेचं, नाव सांगत नाही. २०१७ पासून मी एक साधा ब्लॉग चालवतो. त्यात माझं मत नसतं. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, मंजूर ठराव, निविदांच्या जाहिराती, कुठलं काम कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, तारखेसह. वाचक दिवसाला तीस-चाळीस. पण एखादा रस्ता उखडला की लोक जुनं पान उघडून दुकानात दाखवतात, 'हे बघ, यात तीन वर्षं जबाबदारी ठेकेदाराची लिहिलीय.' रानजाईंचा 'पाठपुरावा' शब्द वाचून वाटलं, आपण करतो त्याला नाव आहे.

गेल्या वर्षी पाइपलाइनच्या कामाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज. तीस दिवसांत उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी मला दोन तास बाकावर बसवलं, मग 'साहेब दौऱ्यावर' म्हणाले. दुसऱ्या तारखेला पुन्हा गेलो. शेवटी मिळाली. ३८६ पानं, पानाला दोन रुपये, ७७२ रुपये भरले. मोजमाप पुस्तिका, देयकं, अंदाजपत्रक.

मी एकटा वाचतोय. ११२ पानांवर आलोय. एका गल्लीची खोदाई दोन वेगळ्या तारखांना नोंदलेली दिसते, लांबी तीच, १४५ मीटर. दुसऱ्यांदा खरंच खोदलं असेल, किंवा माझ्या वाचण्यात चूक असेल. पुढची पानं बघितल्याशिवाय काही म्हणायचं नाही आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं ठरवलंय. डोळे दुखतात हो, कार्बन कॉपीच्या झेरॉक्स आहेत.

---

रानजाई | गुरुवार, रात्री १०.०५

नगरवाचक, पानं स्कॅन केलीत का?

---

नगरवाचक | गुरुवार, रात्री १०.१२

हो. मुलानं फोनवर काढली. काही तिरकी आहेत.

---

खिळेजुळारी | गुरुवार, रात्री १०.२०

तिरकी चालतील. हस्तलिखितं वाचण्यात जन्म गेला. ११३ ते १८० माझी.

---

सरळसोट | गुरुवार, रात्री १०.२६

मी स्थापत्य अभियंता आहे, मोजमाप पुस्तिका रोज बघायचो. १८१ ते २६० मला द्या. आणि ती १४५ मीटरची दोन्ही पानं पण पाठवा, आधी ती बघतो. लोकांची, ठेकेदारांची नावं झाकून पाठवलीत तर बरं.

---

पंचगंगा | गुरुवार, रात्री १०.४०

२६१ ते ३२०. शनिवारी सुट्टी आहे मला.

---

चिंचोका | गुरुवार, रात्री १०.४१

उरलेली मी घेते. मोजमाप पुस्तिका म्हणजे काय ते आधी कुणीतरी सांगा, म्हणजे त्यात नेमकं काय शोधायचं ते कळेल.

---

सरळसोट | गुरुवार, रात्री १०.५८

चिंचोका, प्रत्येक ओळीत चार गोष्टी बघ : तारीख, कामाचं वर्णन, लांबी-रुंदी-खोली, आणि शेवटी सही. रुंदी आणि खोली सगळीकडे एकच दिसली तर पान क्रमांक लिहून ठेव. सही नसेल तरी लिहून ठेव. काही नसेल तर 'या पानात विशेष काही नाही' असं लिही, तेही लागतं.